मिस्त्रीभाई आणि अण्णांची गाडी

मिस्त्रीभाई गाडीच्या आधी माणसाला तपासायचे. शहरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. मी आमची जुनी गाडी तिथं पहिल्यांदा नेली, तेव्हा बॉनेटला हातही न लावता त्यांनी मला स्टुलावर बसवलं. "कवा बंद पडती? थंड असताना का गरम झाल्यावर? सपाटीला का चढाला?" मी चुळबुळ करू लागलो. ते म्हणाले, "घाई तुम्हाला हाय, गाडीला नाय."

घाईला कारण होतं. माझ्या वडिलांना, अण्णांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी लासूर स्टेशनहून शहरात आणावं लागे. गाडी सपाटीला नीट चाले. चढ लागला की आचके देत बंद पडे. मागच्या सीटवर धापा टाकत अण्णा एकदा म्हणाले, "रस्त्यातच जातो की काय रे मी?" दोन गॅरेजवाल्यांनी प्लग बदलले, फिल्टर बदलला आणि शेवटी इंजिनच उतरवायला सांगितलं. हे सगळं मी मिस्त्रीभाईंना सांगून टाकलं. अण्णांचं ते वाक्यसुद्धा.

"बदलून बघू" या शब्दांचा त्यांना भारी राग. "बदलना मतलब अंदाजा. पैले नापो," म्हणायचे. त्यांनी पेट्रोलच्या नळीला दाब मोजायचं मीटर जोडलं. उभ्या गाडीत काटा ठीक होता. मी खूश झालो, तर म्हणाले, "खडी गाडी झूठ बोलती." मग लांब नळी लावून मीटर काचेसमोर वायपरला बांधलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. चढावर मी ॲक्सिलरेटर दाबला आणि काटा सरसर खाली आला. "देखा? इंजिन चांगलंय, बिचारं उपाशी हाय!"

परत येऊन त्यांनी मागची सीट उचलली आणि टाकीतला पंप बाहेर काढला. त्याच्या तोंडाची जाळी काळ्या गाळानं बुजली होती. टाकी धुतली, नवी जाळी बसवली. पुन्हा तोच चढ. काटा जागचा हलला नाही. मला रडूच फुटलं. मिस्त्रीभाई खिडकीबाहेर बघू लागले.

पुढची तीन वर्षं अण्णांची एकही खेप चुकली नाही. ते गेले तेव्हा मिस्त्रीभाई लासूरला भेटायला आले. दारातच माझा हात धरून हळूच विचारलं, "रास्ते में तो नै ना?"

"नाही. घरीच. झोपेत."

त्यांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ कोंडलेला श्वास सोडला.