पाय मावेल असं विमान

"ओलांडू नका हं, वळसा घालून या."

नाशिक रोडच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत याच वाक्याने व्हायचं. जिना संपला की पहिलं दार शिवणाच्या मावशींचं. उजेडासाठी शिलाई मशीन दारातच मांडलेलं आणि मावशींचा डावा पाय उंबऱ्याबाहेर, गॅलरीत सरळ पसरलेला. पोस्टमन असो, दूधवाला असो की खुद्द घरमालक, टाच आणि कठडा यांच्यामध्ये जी चिंचोळी वाट उरे तिच्यातून अंग चोरून जायचं. पाय ओलांडलेला मावशींना खपत नसे. "माझी उंची खुंटायचं वय गेलं," त्या म्हणायच्या, "पण माणूस काय ओंडका आहे का ओलांडायला?"

सटाण्याहून येताना एसटीला अपघात झाला आणि तो पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला. मावशी उजव्या पायाने मशीन चालवायच्या आणि अख्ख्या इमारतीचे ब्लाउज शिवायच्या. माझं माप घेताना मात्र दरवेळी बोलणी बसायची, कारण मी पोस्टात खुर्चीवर बसून वर्षागणिक रुंदावत होते.

नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी नर्स होऊन कॅनडाला गेली, तिथेच तिचं लग्न झालं, मुलगी झाली. नोकरी आणि तान्हं मूल सोडून तिला इकडे येता येईना. मावशी न पाहिलेल्या नातीसाठी झबली शिवायच्या आणि दर खेपेला अंदाजाने थोडं वाढवायच्या. पुढे झबल्यांचे फ्रॉक झाले. माहेर बागलाणातलं, त्यामुळे मन भरून आलं की त्या अहिराणीवर जायच्या. फ्रॉकला बटण लावता लावता म्हणायच्या, "पोर तठे शे, मी आठे शे." नातीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

तिकिटाचे पैसे मुलगी पाठवणार होती. अडलं होतं ते पायापाशी. इतक्या लांबच्या प्रवासात हा न वाकणारा पाय ठेवायचा कुठे?

म्हणून मी त्यांना गावातल्या तिकिटांच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या माणसाने गुळगुळीत कागदावरची चित्रं पसरली. या कंपनीचं जेवण उत्तम, त्या कंपनीच्या विमानात सिनेमा, तिसरीत उतरताना अत्तराची बाटली.

"जेवायला मी दशम्या नेईन," मावशी म्हणाल्या. "पाय ठेवायला जागा किती?"

"भरपूर!"

"भरपूर म्हणजे किती वीत?"

त्याने पुन्हा जेवणाचं चित्र पुढे सरकवलं. मावशी उठल्या. मापाशिवाय कापड कापणारी बाई नव्हती ती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे सुरू केलं, त्याला इमारतीतले लोक आधी हसले. परकराची पांढरी नाडी लांब कापायची आणि परदेशी निघालेल्या माणसाच्या हातात द्यायची. विमानात बसल्यावर पाठ नीट टेकवायची, नाडीचं एक टोक पाठीशी धरायचं, दुसरं पुढच्या खुर्चीपर्यंत न्यायचं, टेकेल तिथे गाठ मारायची. परत आल्यावर नाडी मावशींना. आखातात निघालेला फिटर असो नाहीतर लंडनला भावाकडे चाललेले डॉक्टर, निरोप द्यायला मावशी नाडी घेऊन हजर. आता तुम्हीच विचार करा, भर विमानात सूटबूट घातलेला माणूस परकराच्या नाडीला गाठ मारतोय. पण त्यांना नाही म्हणणारा मला कुणी भेटला नाही.

नाड्या येत गेल्या. प्रत्येकीला कंपनीच्या नावाची चिठ्ठी टाचून त्या मशीनमागच्या खिळ्याला अडकवल्या जात. शेजारी एक लाल नाडी होती, ती मावशींच्या पायाची, पाठीपासून टाचेपर्यंतची. नवी नाडी आली की लाल नाडीला लावून बघायची. हसणारे आम्हीच तेव्हा श्वास रोखून उभे असायचो. गाठ दरवेळी कमी पडायची. "राहू दे," असं म्हणून मावशी पुन्हा मशीनवर बसायच्या.

मग शेजारच्या कॉलनीतले एक बडे सरकारी साहेब युरोपातून परतले. त्यांची गाठ लाल नाडीच्या चांगली पुढे गेली! मावशींनी तीनदा लावून पाहिली. सगळ्या मजल्याला चहा पाजला. ठरलं, याच कंपनीचं विमान. तिकीट काढायला मीच गेले. दुकानातल्या माणसाने विचारलं, "साधंच ना?" मी म्हटलं, साधंच.

रेल्वे स्टेशनच्या शेजारी जन्म काढलेली माणसं आम्ही, पहिला वर्ग काय असतो हे आम्हाला का माहीत नव्हतं? पण विमानात एकदा चढलं की सगळे सारखेच, असं आम्ही धरून चाललो होतो. साहेब सरकारी खर्चाने वरच्या वर्गातून गेले होते. ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनाही सांगायचं सुचलं नाही.

पोचल्यावर मावशींनी फोन केला तो आमच्या पोस्टात. खरखरीतून आवाज आला, "अगं, साहेबांची गाठ पडद्यापुढची! मी पडद्यामागे! वाटेतच पाय पसरून बसले. अख्खं विमान माझ्या पायावरून गेलं बघ."

"ओलांडू दिलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मग काय करू? विमानातल्या वाढणाऱ्या पोरींच्या हातात गरम चहा असायचा." त्या हसत होत्या.

"आणि नात?"

मग अगदी हळू आवाजात, "मांडीवर शे."

पोस्टातल्या गर्दीदेखत मी रडले. लाज वाटली नाही.

थंडी सरली की मावशी परतणार होत्या. येताना तरी नीट विमान मिळावं म्हणून त्यांनी म्हणे तिथेही नाड्या वाटायला घेतल्या होत्या. त्या थंडीतच झोपेत त्यांचं हृदय थांबलं.

मुलगी अस्थी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी रामकुंडावर जायचं होतं. मशीन तसंच दारात होतं आणि ती आईच्या जागेवर बसली होती, दोन्ही पाय पोटाशी घेऊन. भेटायला येणाऱ्या बायका जिना चढून यायच्या आणि मोकळ्या गॅलरीतही कठड्याला घासून, वळसा घेऊन आत शिरायच्या. तिने ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला जे विचारत आलो, तेच तोंडातून निघून गेलं. "कुठल्या विमानाने आलीस?"

"नाव नाही बघितलं, ताई. जे पहिलं मिळालं ते."

"जागा बरी होती?"

ती खिळ्यावरच्या नाड्यांकडे बघत होती.

"जागा लागलीच नाही," ती म्हणाली. "आई मांडीवर होती."