हौसाताईंची सही

नमुन्याची नळी हातात आली की हौसाताई ती आधी खिडकीशी धरून निरखायच्या. "यंत्र आकडा देतं गं, बघत नाही," असं म्हणायच्या. लघवीचा नमुना तर त्या स्वतः स्पिरिटच्या दिव्यावर तापवायच्या. पांढरा गढूळ झाला की प्रथिनं जातायत, म्हणजे किडनीकडे बघायला हवं. मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत मी नवी होते आणि मला हे सारं जुनाट वाटायचं.

माण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी ही पहिली बाई. प्रयोगशाळा उभी केली तीही त्यांनीच. सुरुवातीला लोक विचारायचे, "बाई, सायब कुठायत?" ताई म्हणायच्या, "सायब मीच. बाटली द्या." आम्हाला शिकवताना छापील मराठी बोलायच्या आणि चिडल्या की थेट माणदेशी. मला त्यांची भीतीच वाटायची, खोटं कशाला सांगू!

त्यांना कॉलेजात जाता यावं म्हणून थोरल्या भावानं, ज्ञानूदादांनी, शाळा सोडून मेंढरं राखली होती. हे त्या पाहुण्या प्राध्यापकांनाही सांगायच्या.

एके दिवशी हे दादा आपल्या पोराला, बाळूला घेऊन आले. सैन्यभरतीत बाळू पळण्यात पहिला आला होता, पण वैद्यकीय तपासणीत प्रथिनं निघाली. फेरतपासणीला जाताना आत्याचा चांगला रिपोर्ट जवळ असावा, एवढंच दादांच्या मनात होतं.

बाळूचा शर्ट घामानं चिंब. ताईंनी विचारलं, "कसा आलास रं?"

"स्टँडवरनं पळत आलो आत्या. तेवढीच प्रॅक्टिस."

ताई खळखळून हसल्या. "आरं येड्या, पळून आल्यावर धडधाकट माणसाचीबी प्रथिनं जात्यात! आठ दिस घरात बस. मग रिक्षानं ये."

बापलेक दोघंही हबकले. आमच्याकडच्या भरतीच्या पोराला एक वेळ जेवू नको म्हणा, पळू नको म्हणायची सोय नाही.

आठवड्यानं बाळू दादांबरोबर रिक्षानं आला. ताईंनी नळी तापवली. गढूळ. पुन्हा नमुना घेतला, तोही गढूळ. त्यांनी दिवा विझवला.

"दादा, याला डॉक्टरांना दाखवायला पायजे. वेळेवर सापडलंय."

"ते बघू मागनं. आदी चांगलं हाय म्हणून सही कर."

"न्हाई जमायचं."

"तुझ्यापायी शाळा सोडली हौसे. एक सही मागतोय."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सही त्यांनी केली, पण जे दिसलं त्याच्याखाली. बाळूची भरती गेली. दादांनी बहिणीशी बोलणं टाकलं.

बाळूवर मिरजेतच उपचार सुरू झाले. दादा त्याला दर तपासणीला आणायचे आणि बाहेर बाकावर पाठ फिरवून बसायचे. ताई बाहेर जाऊन निकाल सांगायच्या. ऐकून दादा उठायचे आणि हूं का चूं न करता चालू लागायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं. मला त्या माणसाचा भयंकर राग यायचा.

गेल्या वर्षी ताई निवृत्त होऊन साताऱ्याला राहायला गेल्या. निरोप समारंभाला दादा फिरकले नाहीत. पुढच्या तपासणीला बाळूची नळी मी तापवली. नितळ राहिली. मी धावतच बाहेर आले. "दादा, सगळं छान आहे. प्रथिनं अजिबात नाहीत!"

दादा बाकावरून हलले नाहीत.

"तिला बोलवा," ते म्हणाले. "तुमचं खोटं न्हाई म्हणत, बाई. पर आमची हौसा सांगंल तवाच मला खरं वाटंल."