मनकर्णाची कालवड आणि सौंसरचं चर्चासत्र

आमच्या सौंसरचे गुरांचे डॉक्टर यशवंतराव ढोक यांना नसत्या उठाठेवी फार. गाय दूध किती देते एवढं कळलं की लोकांचं भागतं. यांना गाईच्या पेशीत काय चाललंय ते बघायचं असे. १९८४च्या हिवाळ्यात त्यांनी गुरांच्या पेशी आणि आनुवंशिकता या विषयावर चर्चासत्र भरवायचं मनावर घेतलं. नागपूरच्या शास्त्रज्ञांना रेल्वेने पांढुर्ण्याला येणं सोयीचं, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण दाखवायचं जनावर जवळच्या रामाकोन्याचं, म्हणून यांचा हट्ट सौंसरचाच. सत्र आमच्या शाळेत ठरलं आणि जेवणाची व्यवस्था माझ्या, म्हणजे एका बिचाऱ्या मास्तरणीच्या, गळ्यात पडली.

ते जनावर म्हणजे कवडू आणि मनकर्णा या शेतकरी जोडप्याची कालवड. गोऱ्ह्याबरोबर जुळी झालेली, वय झालं तरी माजावर येत नव्हती. कवडूने तिला बाजारात काढायचं ठरवलं होतं. मनकर्णाला मूलबाळ नव्हतं आणि ही कालवड तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तिचा जीव टांगणीला लागला. यशवंतरावांनी कालवडीचं रक्त नागपूरला तपासायला पाठवलं आणि निकाल येईपर्यंत विकू नको, असं कवडूला बजावलं.

मोठी माणसं बघायला येणार म्हटल्यावर मनकर्णाने घरची मुलगी दाखवायची असावी तशी तयारी केली. कालवडीला न्हाऊ घातलं, हळदकुंकू लावलं, शाळेच्या अंगणात आणून बांधलं आणि पाहुण्यांसाठी डबाभर कांदेपोहेही आणले. शास्त्रज्ञांनी ते संकोचत खाल्ले.

आत सूक्ष्मदर्शकाला मीही डोळा लावला. जांभळ्या काड्यांचे तुकडे विखुरलेले दिसले; ती गुणसूत्रं म्हणे. कालवडीच्या रक्तात मादीच्या पेशी आहेत तशा नराच्याही आहेत, असं शास्त्रज्ञ म्हणाले. एका अंगात दोघं कसे नांदत असतील, याखेरीज दुपारभर मला दुसरं काही सुचेना. यशवंतराव तर लहान मुलासारखे हरखले होते.

बाहेर मनकर्णाने शास्त्रज्ञांमधल्या मोठ्या साहेबांना विचारलं, पसंत पडली का? साहेब गडबडले आणि कळवतो म्हणाले. आमच्याकडे मुलगी पाहून कळवतो म्हणणारे पुन्हा फिरकत नाहीत. मनकर्णाने दावं सोडलं आणि न जेवताच ती निघाली. मला साहेबांचा संताप आला. एवढं शिकून एक खरं वाक्य बोलता येईना!

दुसऱ्या दिवशी यशवंतराव रामाकोन्याला गेले, मीही गेले. अंगणात खाटेवर मनकर्णाची सासू बसली होती. यशवंतरावांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की कालवड कधीच गाभण राहणार नाही. आईच्या पोटात जुळ्यांच्या रक्तवाहिन्या जुळल्या आणि भावाच्या पेशी हिच्यात उतरल्या. यात हिचा काही दोष नाही.

मग शनिवारी नेतो बाजारात, असं कवडू म्हणाला. मनकर्णाने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"डॉक्टरसायेब, दोष नाही म्हणून राहिले न तुमी? थे माह्या सासूले आयकू येईन असं जोरानं सांगा."

यशवंतराव खाटेपाशी वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "हिचा दोष नाही."

"कोनाचा?" म्हातारीने विचारलं.

यशवंतरावांनी कालवडीकडे पाहिलं, मग मनकर्णाकडे.

"दोघींचाबी नाही, माय."

मनकर्णा कालवडीच्या मानेत तोंड खुपसून रडली. मलाही आवरेना. कवडू मान खाली घालून उभा होता.

शनिवारी तो बाजारात गेला, पण एकटाच.