ताईची पहिलीची तुकडी

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. जन्मभर पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवलं तिनं, आणि आता बोलायचाही कंटाळा येतो तिला. शाळेतून आली की चपलेसकट खुर्चीत बसते. "अगं, घोटभर पाणी तरी पी," म्हटलं की नुसता हात हलवते.

तिची एक खोड आहे. पोर वाचायला लागलं की ही पानावरच्या चित्रावर तळहात ठेवणार, कारण चित्र बघून पोरं अंदाजे शब्द ठोकून देतात. आणि पोर अडलं तरी शब्द सांगणार नाही, कितीही वेळ लागो. पहिलीचीच दुसरी तुकडी माझ्याकडे. माझी पोरं धडा एका सुरात घडाघडा म्हणतात, पुस्तक उलटं धरलं तरी! "हे पाठांतर झालं गं, वाचन नव्हे," ताई म्हणायची. मी म्हणायची, "बाई, तपासणीला येणाऱ्या साहेबाला कुठे फरक कळतोय?"

यंदा तपासणीआधी मुख्याध्यापकांनी तिला बजावलं, "मुलं अडखळली, तर वर्ग काढून घेईन. मग बसा कार्यालयात." मी तिच्या हातापाया पडले. "एक दिवस म्हणू दे ना पाठ! काय बिघडतं?"

"बिघडतं," एवढंच म्हणाली. हट्टी मेली!

साहेब आले. हिनं काय करावं? पोरांनी कधी न पाहिलेलं गोष्टीचं पुस्तक उघडलं, आणि उभं केलं कोणाला, तर मुलखाच्या लाजाळू चिमणीला! मी दारातच कपाळावर हात मारला. चिमणी एकेक अक्षर जुळवत निघाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा शब्द स्वतःच सांगून टाकला.

"थांबा साहेब, तिला वाचू द्या," ताई म्हणाली.

असं कोणी साहेबाला बोलतं का? "फारच मागे आहे हा वर्ग," म्हणत ते मुख्याध्यापकांसोबत निघून गेले.

चिमणी मात्र वाचतच होती. गाढव आरशासमोर उभं राहतं आणि म्हणतं, "या पाहुणे, बसा." शेवटच्या शब्दाशी पोचली आणि एकदम खो खो हसत सुटली. चित्र तर झाकलेलंच होतं. माझ्या वर्गात धडा वाचून आजवर एक पोर हसलेलं नाही.

सोमवारी मुख्याध्यापकांनी ताईची पोरं माझ्या वर्गात आणून बसवली. ताई दारापर्यंत आली. दमलेली, डोळे सुजलेले.

"चिमणीला पाठ म्हणायला लावू नकोस गं," ती म्हणाली. "तिला वाचता येतं."