हेमावतीच्या बोटाचं माप

आमच्या मालकांचं नाव मौनप्पा ज्यानं ठेवलं त्याला कोपरापासून नमस्कार. उठल्यापासून निजेपर्यंत हा माणूस काही ना काही विचारत असायचा. टांगा दारात थांबला की घोड्याचा डावाच नाल आधी का झिजतो, ते विचार. गिरणीतली बाई जोडवं सांधायला आली की यंत्रं बंद पडल्यावर कानात काय वाजतं, ते विचार. माझ्या माहेरी चुलत्याच्या दिवसांना गेलो, तर हे आचाऱ्याशेजारी उकिडवे बसून हुग्गीची खीर बुडाला का लागत न्हाय याची चौकशी करत होते. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आमी पत्तार, म्हणजे कानडी सोनार. सोलापुरात बाळीवेशीत पुढं दुकान, मागं घर. यांनी केलेली अंगठी बोटात जाताना अडत न्हाय आणि हात धुताना निसटत न्हाय, असं सगळी पेठ म्हणायची. माणसाला तेवढीच काय ती घमेंड होती. बाकी धोतराचा काष्टा सुटला तरी पत्ता नसायचा.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमच्याच पेठेत सिद्धलिंगप्पांची कापसाची अडत होती. वय चाळिशीच्या पुढं. दोन बायका गेलेल्या, पहिली बाळंतपणात, दुसरी झिजून झिजून. त्यांची आई अक्कम्मा आता तिसरीसाठी कंबर कसून बसली होती. एका सकाळी ती दुकानात आली, पदराची गाठ सोडली आणि दोन अंगठ्या फडक्यावर ठेवल्या. दोन्ही यांच्याच हातच्या, वर बेलाचं त्रिदळ. एक पहिलीची, एक दुसरीची. दोघी सवाष्ण गेल्या, सवाष्णीचं सोनं शुभ असतं, तेव्हा दोन्ही आटवून तिसरीला एकच करायची, जरा जाड, वर तसंच त्रिदळ, असा तिचा हुकूम. मी आत भाकरी थापत होते. ऐकूनच अंगावर काटा आला. पण गिऱ्हाइकाचं सोनं, आपण कोण बोलणार?

मुलगी अक्कलकोटची. नाव हेमावती, वय पंधरा, आईबाप न्हाईत, मामाकडं वाढलेली. अक्कम्मानं जाता जाता बजावलं की साखरपुड्याला अंगठी एका दमात बोटात गेली पायजे. अडली तर ती तितल्या तितं उठणार. आणि बाई बोलली ते करायची. शकुन-अपशकुनाची वखारच होती ती. आदल्याच वर्षी लेकाला ठरलेली मंगळवेढ्याची सोयरीक तिनं भर मांडवात मोडली होती, का तर फोडलेला नारळ नासका निघाला. ही गोष्ट सोलापुरात काय, पार अक्कलकोटापर्यंत पोचली होती.

आमच्याकडं तेव्हा साखरपुड्याआधी मुलीचं बोट परक्या पुरुषाला दाखवायची रीत नव्हती. घरातल्या बाईनं बोटाला दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची, आणि तो दोरा सोनाराकडं पाठवायचा. मुलीचा मामा मल्लप्पा भुईमुगाच्या बाजाराला सोलापुरात यायचा, त्यानं दोरा आणला. हे अंगठी घडवून बसले. यांची एक खोड होती, दिवस ठरला असला तरी त्याआधी एकदा अंगठी बोटात बघून यायला लावायचं. मल्लप्पा अंगठी घेऊन गेला आणि पुढच्या बाजाराला तोंड पाडून परत आला. अंगठी पेरावरनं पुढं जात न्हाय म्हणाला. सोबत नवा दोरा.

आमच्या स्वारीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. साधं वळं असतं तर सळईवर ठोकून वाढवता आलं असतं, पण वर त्रिदळ, ठोकलं की पानं तडकतात. कापली, तुकडा घातला, जोड दिला, घासून जोड दिसेनासा केला. मल्लप्पा परत घेऊन गेला. परत आला. आता अंगठी बोटात डुलते म्हणे, हात खाली केला की पडते. आणि तिसरा दोरा.

"मल्लप्पा, घरात एकच पोर हाय नव्हं?" यांनी विचारलं. तो बिचारा व्हय म्हणाला. अक्कम्माच्या कानावर जाऊ नये म्हणून दोघंही कुजबुजत होते, चोरीचा माल वाटून घ्यावा तसे.

त्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं ते विचारू नका. यांना वाटलं, दोष दोऱ्यात हाय. सोलापुरात हाताशी काय सापडणार, मागाचं सूतच की. त्याला खळ लावलेली असते, ओलं झालं की आटतं, वाळलं की ताठ होतं. मग यांनी पद्मशाळी विणकरांच्या घरून निरनिराळं सूत आणलं, भिजवलं, वाळवलं, ताणलं, मापलं. फरक पडला, पण केसाएवढा. मग यांना वाटलं, दोष बोटात हाय. आता बोटं कुणाची? माझीच. सकाळी अंथरुणातनं उठले की बोट पुढं कर. भाकऱ्या झाल्या की कर. दुपारी उन्हाच्या कहरात कर, रांजणातल्या गार पाण्यात बुडवून कर. खरंच, सकाळचं बोट आणि उन्हातलं बोट एक नसतं, हे मलाही तेव्हाच कळलं. पण हे कळून मला काय चूल पेटवायला मदत होणार होती? माझी बोटं म्हणजे काय पेठेतला दिव्याचा खांब हाय का, येणाऱ्यानं हात लावून जावं, असं मी एकदा फाडकन बोललेसुद्धा. यांनी ऐकलंच न्हाय. डोळे बारीक करून माझ्या हाताकडं बघत राहिले.

मग मुकाट्यानं उठले आणि तिन्ही दोरे घेऊन आले. पहिल्या दोऱ्याची गाठ माझ्या करंगळीत घातली, बरोब्बर बसली. दुसरी अंगठ्यात. तिसरी मधल्या बोटात. माझी आणि त्या पोरीची चण सारखी नसेलही, पण चढउतार तोच. ज्या बोटात अंगठी घालायची त्याचं माप यात कुठंच नव्हतं.

मला वाटलं, पोर खुळी हाय. यांना तसं वाटेना. खुळी असती तर एकदा चुकली असती, म्हणाले, ही दरवेळी वेगळं बोट पाठवते, म्हणजे ही मोजून चुकते. आणि कुठलंही कोडं पडलं की यांच्या डोळ्यात जे पाणी चमकायचं ते चमकायला लागलं. परक्या पुरुषाला जाता येत न्हाय, पण बाईला कोण अडवणार? मापाच्या कड्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला आणि मला अक्कलकोटच्या गाडीत बसवलं. मी कुरकुरत गेले, पण खरं सांगते, आता मलाही चैन नव्हतं.

स्टेशनापासून टांग्यानं गावात गेले. मामीनं चहा टाकला, पोरीला बोलावलं. सडपातळ, उंच, केसाला तेल लावून घट्ट वेणी घातलेली. तिनं मुकाट्यानं हात पुढं केला. मी कडी घातली, पहिल्याच फटक्याला बसली. इतकं सरळ बोट, की त्याचं माप आंधळ्यानंही घेतलं असतं. मामी दूध बघायला आत गेली तशी मी तिला दबक्या आवाजात विचारलं, बाई गं, हा काय चावटपणा?

ती घाबरली न्हाय. मला वाटलं होतं रडेल. तिनं दाराकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "अक्का, अंगठी अडली तर त्या उठून जातात, व्हय नव्हं? मंगळवेढ्याला गेल्या तशा?"

मी आत मामीची चाहूल घेतली.

"मला तितं जायचं न्हाय. त्या घरात दोघी गेल्या. मी मामाला सांगितलं, मामा म्हणतो तुला कोण विचारतं. करंगळीचं माप आधीच उघडं पडलं, म्हणून मग दुसरं कुठलंही बोट मोजत गेले."

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू? आमच्या घरच्या माणसाची अब्रू ही पोर पणाला लावते, आणि तेही दोऱ्याच्या तीन गाठींनी. पण तिनं हात मागं घेतला न्हाय, कडी घातलेलं बोट तसंच माझ्यापुढं धरून उभी होती. गाडीत बसल्यावर माझा राग कुटं गेला कोण जाणे.

घरी आले आणि यांना सगळं सांगितलं. खरी कडी जुडग्यातनं वेगळी काढून पुढ्यात ठेवली. मला वाटलं आता हे शंभर गोष्टी विचारतील, पोर कशी बोलली, मामी कुटं होती. काही विचारलं न्हाय. शेगडीतले निखारे राखेनं झाकले. मग म्हणाले, "दुसरीची अंगठी मी दोनदा लहान करून दिली. अक्कम्मा घेऊन यायची. बोट का वाळतंय, ते मी इचारलं न्हाय."

जगाला प्रश्न विचारणारा माणूस. तेवढा एक विचारला नव्हता.

मी म्हटलं, मग करा सैल, पडू दे खाली. तर म्हणाले, सैल झाली तर बायका तितंच दोरा गुंडाळतात आणि बसवतात. घट्ट झाली तरच उपाय न्हाय. आणि यांनी अंगठी पुन्हा कापली. तेल लावलं तरी पेरावरनं जाऊ नये, अशी केली, आणि या वेळी मल्लप्पाकडं घालून बघायला दिली न्हाय. पण काम कसं? त्रिदळाची शीर न् शीर कोरलेली, आतनं आरशासारखी गुळगुळीत. मी म्हटलंसुद्धा, बोटात जायचीच न्हाय ती एवढी घासता कशाला? तर माझ्याकडं असं बघितलं, की मी परत आत गेले. अक्कम्मा विचारायला आली तेव्हा मीच पुढं झाले. स्वतः अक्कलकोटला जाऊन माप आणलं म्हणून सांगितलं. आणलंच होतं की.

साखरपुड्याला आमाला दोघांनाही बोलावणं होतं. हेमावती पाटावर बसली होती, मान खाली. अक्कम्मानं अंगठी घेतली, बोटात घातली, ती पेरावर अडली. तिनं जोर केला. बोट लाल झालं. कुणीतरी तेल आणलं, कुणी साबण. पोरीनं ओठ दाताखाली धरला होता, पण हात ओढला न्हाय. अक्कम्मानं अंगठी ताटात टाकली आणि उठली.

तेव्हा हे पुढं झाले. सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीचा दोष न्हाय. माप बरोबर आलं होतं. माझा हात चुकला."

मला ठाऊक होतं, हे असं म्हणणार. ज्या एका गोष्टीची घमेंड, तीच भर सभेत उतरवून ठेवली. अक्कम्माला चूक कुणाची याच्याशी देणंघेणं नव्हतं. अडली म्हणजे अडली. सिद्धलिंगप्पा आईच्या मागोमाग जोडे घालून बाहेर पडले. सोयरीक मोडली, आणि पेठेत एकच झालं, मौनप्पाचा हात गेला.

मग काय, नवी कामं दुसऱ्या पत्ताराकडं जायला लागली. आमच्याकडं जोडवी सांधणं, साखळीची कडी बसवणं. मी चिडचिड करायची, कुणाला तरी खरं सांगा म्हणायची. हे म्हणायचे, सांगितलं तर पोरीचं काय? हेमावतीला पुढं वागदरीच्या एका तेलाच्या दुकानदाराला दिली, तरणा मुलगा होता, असं मल्लप्पाकडनं कळलं. मला वाटलं, चला, संपलं.

पण पाऊसकाळ सरायच्या आत सिद्धलिंगप्पांचं लग्न झालं. जेऊरकडची कुठली पोर, महादेवी नाव. अंगठी दुसऱ्या सोनारानं केली, तेच सोनं, आणि ती एका दमात बसली. बाहेरनं आल्या आल्या मी ही गोष्ट यांना सांगितली. यांनी हातातली फुंकणी खाली ठेवली. मी म्हटलं, आपण काय साऱ्या जगाच्या पोरींची बोटं धरून बसणार हाय का?

काही महिने गेले आणि एका सकाळी हे पागोटं बांधून सरळ अक्कम्माच्या दारात जाऊन उभे राहिले. नव्या सूनबाईंची अंगठी सैल झाली का, म्हणून विचारलं. अक्कम्मा कडाडली, हात गेला तशी लाजही गेली का, काम मागायला माझ्याच दारात? हे हसून परत आले. पुन्हा काही दिवसांनी गेले. पेठेतले लोक टिंगल करायचे, मौनप्पा भीक मागतो म्हणायचे. मीही आधी लई भांडले. हे जातच राहिले. संक्रांतीला गेले, शिमग्याला गेले, तोच प्रश्न, अंगठी सैल झाली का. अक्कम्मालाही हळूहळू समजलं असणार हा काय विचारतो ते. आता ती ओरडत नव्हती, नुसतं दार लोटून घ्यायची.

एकदा दार लोटायच्या आधी आतनंच एक हात पुढं आला. हिरव्या बांगड्या, बोटात त्रिदळाची अंगठी. महादेवीनं दुसऱ्या हातानं अंगठी फिरवून बघितली. फिरली न्हाय, बोट भरलेलं होतं. हे घरी आले, हात धुतले आणि मला म्हणाले, जेवायला वाढ.