वाळत घालायला जागा नाही

अंदमानातल्या या रिसॉर्टात मोजक्याच खोल्या आहेत आणि प्रत्येक खोली म्हणे एक कलाकृती आहे. राखाडी भिंती, वेताचे दिवे, न्हाणीघरावर उघडं आकाश. फक्त कुठे एक खुंटी नाही की दोरी नाही. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या जागी माणूस भिजणार, हे आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही.

आमच्या घरी आंघोळीला गेलेला माणूस आपले कपडे पिळूनच बाहेर येतो. बायकोने सवयीने तेच केलं आणि माझा पंचा, तिचा परकर बाल्कनीच्या कठड्यावर टाकला. लगेच निळ्या कॉलरचा सदरा घातलेला मॅनेजर दारात.

"सर, समोरून दिसतं. लोकांचे फोटो खराब होतात."

इतक्या नम्रपणे म्हणाला की बायको ओशाळली, आणि माझं डोकं तिथेच फिरलं. माणसाला राहण्याचीच लाज वाटायला लावतं, ते कसलं डोंबलाचं सौंदर्य?

ओले कपडे उचलून मी बांबूच्या कुडामागे गेलो. तिथे कामगारांच्या खोल्या होत्या आणि दोन माडांना बांधलेली दोरी. तिच्यावर साड्या, चादरी, एक पिवळा फ्रॉक फडफडत होता. अख्ख्या रिसॉर्टात राहती वाटावी अशी तेवढीच जागा, आणि तीच झाकलेली. कपडे वाळत घालत असलेल्या बाईने काही न विचारता आपली साडी सरकवली, दोन चिमटे माझ्या हातावर ठेवले.

शेजारीच निळ्या कॉलरचा एक सदरा निथळत होता.

"मॅनेजरसाहेबांचा," ती म्हणाली.

परकर मी मुद्दाम त्याच्या शेजारीच वाळत घातला.