अंड्यांचा बाप

घर आवरायच्या भरात मी सासऱ्यांनी जपलेली कुक्कुटपालनाची जुनी मासिकं रद्दीत घातली. बायकोनं अबोला धरला. शोधत शोधत नेकनूरच्या बाजारात पोचलो, तर एक अंडीवाली त्याच मासिकांची पानं फाडून अंडी बांधत होती. कोंबड्याचं चित्र आलं की मात्र ते पदरानं पुसून मांडीखाली ठेवायची.

"मावशी, हे का नाही फाडत?"

"बाप हाय त्यो अंड्यांचा! त्येला फाडून त्यात लेकरं बांधू व्हय?"

मी माझा पराक्रम सांगितला. "बापाचं हाय, लेकीला दे," म्हणत तिनं सगळे कोंबडे माझ्या हातात ठेवले.

घरी बायकोनं चित्रं उलटून पाहिली आणि अखेर बोलली, "तिला कागदावरचा कोंबडा फाडवेना, अन् तुम्ही अख्खं खुराडं रद्दीत घातलंत!"